फादर लावाल आणि एकांतातील प्रार्थना

पोर्ट लुईजवळच्या सेंत-क्रुआ येथे दरवर्षी ९ सप्टेंबरला फादर लावाल यांच्या समाधीच्या दर्शनासाठी माणसांची रीघ लागते. तीत ख्रिस्ती असतात, तसे हिंदू आणि मुसलमानही असतात. आपल्या मराठी घरांतील माणसेही तेथे जाऊन मेणबत्ती लावून येतात. पूर्वजांच्या आगमनाचे स्मरण करताना, ते उतरले त्याच बंदरात, त्याच काळात राहिलेल्या या सत्पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

जाक देझिरे लावाल यांचा जन्म १८ सप्टेंबर १८०३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, क्रोत या गावी शेतकरी कुटुंबात झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पॅरिसला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८३० साली डॉक्टर झाले. रोगी भरपूर, मान मोठा, पोशाख उंची आणि बसायला घोडा. या धावपळीत देवासाठी वेळ उरेना. एकदा ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात बचावले. मनात आधीच चाललेली घालमेल वाढली. अखेर दवाखाना सोडून ते धर्मगुरू होण्यासाठी शिकू लागले आणि १८३८ च्या डिसेंबरात त्यांना दीक्षा मिळाली.

पँतरव्हील या छोट्या खेड्यात त्यांची नेमणूक झाली. तेथील लोक देवळाकडे फारसे फिरकत नसत. लावाल रिकाम्या देवळात तासन् तास एकटेच प्रार्थना करीत बसत. ख्रिस्ती धर्मात या एकांताला जुना आधार आहे. प्रभू येशू भल्या पहाटे लोकांपासून दूर, निर्जन जागी जाऊन प्रार्थना करीत, असे शुभवर्तमान सांगते. खोलीचे दार लावून गुप्तपणे प्रार्थना करावी, अशी त्यांची शिकवणही आहे.

१४ सप्टेंबर १८४१ रोजी लावाल मॉरिशसला आले. येथील गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली होती, पण नावापुरत्या उमेदवारीच्या सक्तीतून गुलाम खरे सुटले ते १८३९ साली. अशा ६०,००० हून अधिक माणसांना ना जमीन होती, ना मान. लावाल त्यांची क्रेओल बोली शिकले. लोक दिवसभर राबत, म्हणून शिकवणीचे वर्ग संध्याकाळी भरत. गोऱ्या मळेवाल्यांची टवाळी त्यांनी निमूटपणे सोसली. त्यांनी शिकवलेलीच माणसे पुढे गावोगाव इतरांना शिकवू लागली आणि लहान लहान प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १८५४ च्या पटकीत ते आजाऱ्यांच्या उशाशी बसले.

एवढ्या कामात प्रार्थनेला वेळ कोठून मिळे? तो मिळत नसे. ते तो आधीच काढून ठेवीत. सकाळचा वेळ देवाचा, त्यानंतर आजारी आणि गरीब, संध्याकाळी वर्ग, असा त्यांचा क्रम असे. काम संपल्यावर प्रार्थना करू म्हटले तर काम कधीच संपत नाही, हे ते डॉक्टर असतानाच शिकले होते.

हे लिहिताना आम्हांला आपल्या गिरमिटिया पूर्वजांची आठवण होते. मुंबई बंदरातून आलेल्या त्या माणसांचा दिवस करारनाम्याने मालकाच्या हाती गेला होता. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तरी पहाटेच्या घंटेपूर्वी किंवा रात्री कॅम्पात परतल्यावर त्यांनी देवाचे नाव घेतले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोहोचले. लावाल यांचे कार्य मुख्यतः मुक्त गुलामांत होते, आपल्या लोकांत नव्हते, आणि धर्मही निराळा होता. पण दिवसाचा थोडा वेळ कोणत्याही मालकाचा नसतो, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

शेवटच्या वर्षांत लावाल यांना अर्धांगाचे झटके आले. हिंडणे थांबले, पुढे प्रवचनही थांबले. ज्याचा जीव सेवेत, त्याला स्वस्थ बसणे कठीण गेले असणार. पण प्रार्थनेची जुनी सवय अशा वेळी कामी आली. दिवसचे दिवस ते देवळात शांत बसून प्रार्थना करीत. फ्रान्सला ते पुन्हा कधी गेलेच नाहीत. ९ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांचे निधन झाले आणि अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले.

आज आपल्या घरी मळ्याची घंटा ऐकू येत नाही, मजुरीची दुहेरी कपातही नाही. तरी देवापुढे पाच मिनिटे बसायला सवड नाही, अशी तक्रार आम्हीच करीत असतो. सेंत-क्रुआला जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी मेणबत्ती लावल्यावर लगेच न परतता, गर्दीपासून थोडे बाजूला होऊन क्षणभर एकटे बसावे, एवढीच आमची विनंती.