बेथेलचे रेव्हरंड नारायण शेषाद्री

जालना जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा विचार करताना रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होते. तरीही त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, हा जो प्रश्न संत पौलाने रोमकरांस पत्रात मांडला, तोच या चरित्राच्या मुळाशी आहे.

नारायण शेषाद्री ब्राह्मण कुळातले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता; पण तो अल्पवयीन असल्याने प्रकरण मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मुलगा घरी आला, पण जातीत येईना! मिशनऱ्यांच्या घरी तो जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली, तर सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. बाटलेला मुलगा शुद्ध कसा व्हावा, यावर सारी मुंबई वाद घालीत होती.

या प्रसंगात आम्हाला त्या काळाची खरी वेदना दिसते. एका घरातले दोन भाऊ. एकाच्या शुद्धीचा निर्णय शास्त्री-पंडितांच्या सभेवर अवलंबून राहिला. दुसऱ्याने ख्रिस्ताच्या क्रुसावर भरवसा ठेवला आणि त्यापायी आईवडील, घर, जात यांना तो अंतरला. देवाची कृपा विनामूल्य असते हे खरे. पण तिचा स्वीकार करणाऱ्यास पुष्कळदा मोठी किंमत मोजावी लागते.

1854 साली नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे 1860 च्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होते. येथे त्यांच्याकडे जे लोक आले ते बहुसंख्येने महार आणि मांग समाजातील होते. ज्यांची सावलीही वर्ज्य मानली जाई, त्यांच्यामध्ये हा जन्माने ब्राह्मण असलेला पाळक राहिला. निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती शेतकरी व कारागिरांचे एक गाव वसविले. त्याला नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. उत्पत्तीच्या पुस्तकात घरातून परागंदा झालेला याकोब दगड उशाशी घेऊन जेथे झोपला आणि जेथे त्याला देवाचे दर्शन घडले, ते हे नाव. घर गमावलेल्या माणसाने घर नसलेल्यांसाठी वसविलेल्या गावाला याहून अन्वर्थक नाव कोणते असणार?

1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते आपल्या भारतीय पोशाखात, डोक्यावर पागोटे घालून उपस्थित राहिले. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, हे त्यांच्या वेषानेच सांगितले. 1891 साली त्यांचे निधन झाले.

श्रद्धेने नीतिमान ठरणे या विषयावर पाश्चात्त्य ख्रिस्ती जगत सोळाव्या शतकात दुभंगले. 1547 साली ट्रेंटच्या विश्वसभेने कॅथलिक शिकवण स्पष्ट केली. पुढे साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेद्वारे देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, हे दोघांनी एकमुखाने मान्य केले. 2006 साली मेथॉडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात सामील झाला. नारायणरावांची प्रेस्बिटेरियन परंपरा याच रिफॉर्म्ड कुळातली. सर्व मतभेद मिटले असे नाही. परंतु या मूलभूत बाबतीत आपण आता परके राहिलेलो नाही.

संत याकोब बजावतो की कृतीवाचून श्रद्धा निर्जीव आहे. बेथेल ही नारायणरावांच्या श्रद्धेची कृती होती. तारण विकत घेण्यासाठी त्यांनी गाव वसविले नाही. तारण फुकट लाभले म्हणून वसविले.

आणि आपण? नवस, नोव्हेना, मेणबत्त्या, देणग्या यांचा हिशेब आपण देवापुढे मांडीत तर नाही ना? मुलामुलींची लग्ने ठरविताना पूर्वजांची जात आजही हळूच विचारली जाते, हे आम्ही धर्मगुरूही जाणतो आणि पुष्कळदा गप्प बसतो. कृपेने सर्वांना सारखेच नीतिमान ठरविले असेल, तर एका वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांमध्ये उच्चनीच उरतो कोठून? बेथेलच्या या पाळकाचे स्मरण करताना हा प्रश्न आपण प्रथम स्वतःला विचारू या, आणि उत्तर देण्याचे धैर्य प्रभूकडे मागू या.