पावाचा एक तुकडा आणि दादोबा पांडुरंग

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात गव्हाच्या पोत्यांशेजारी मैद्याची पोती रचलेली असतात. हा मैदा बेकऱ्यांत जातो, हलवायांकडे जातो आणि किरकोळ दुकानांतून अशा घरांतही पोहोचतो, जिथे कडक सालीचा लांबट फ्रेंच पाव घरच्याच ओव्हनमध्ये भाजला जातो. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच त्याचे जिन्नस. भिजवलेले पीठ सावकाश फुगू द्यायचे, ओव्हन कडकडीत तापवायचा आणि पाव आत सरकवताना थोडी वाफ कोंडायची, म्हणजे साल कुरकुरीत होते. पीठ फुगेल की नाही, एवढीच काय ती करणाऱ्याला धाकधूक. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र याच महाराष्ट्रात पावाचा एक घास घेणे म्हणजे जातीला मुकणे होते. तो घास समजून-उमजून घेण्याचे व्रत ज्या मंडळींनी स्वीकारले, त्यांच्या अग्रणींमध्ये होते मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म १८१४ चा, मुंबईतला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे. वसईवर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि पाव हा पदार्थ व त्याचे नाव, दोन्ही पोर्तुगीजांबरोबरच या किनाऱ्यावर उतरले. पीठ फुगवण्यासाठी किनाऱ्यावरचे पाववाले ताडी-माडी वापरीत. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या आख्यायिका त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. पाव म्हणजे परधर्म, ही समजूत त्यामुळे समाजात खोलवर रुजली होती.

मुंबईत इंग्रजी शिक्षण घेतलेल्या दादोबांनी ऐन बाविशीत, १८३६ मध्ये, मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी शिकलेल्या अनेक पिढ्या या पुस्तकावर पोसल्या गेल्या. मराठी भाषेचे पाणिनी हा त्यांचा लौकिक त्यातूनच झाला. काही काळ त्यांनी माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाकडे शिक्षक म्हणून काम केले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात आणि त्यानंतर सुरतेत ते अध्यापक झाले.

भाषेचे नियम शोधणाऱ्या दादोबांना सुरतेत समाजाचे नियम खुपू लागले. दुर्गाराम मेहताजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी तेथे १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राचा धर्म एक आहे आणि माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे, तर गुणांवरून ठरते, असे या सभेचे मत होते. हाच विचार दादोबांनी आपल्या 'धर्मविवेचन' या ग्रंथात मांडला. तो लिहून झाला तरी छापून यायला १८६८ साल उजाडावे लागले.

सुरतेहून मुंबईला परतल्यावर ते शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख झाले. १८४९ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते. सभेच्या प्रार्थना दादोबांनी रचल्या. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला केवळ मते मान्य करून भागत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव त्याला सर्वांसमक्ष खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे.

ही कसोटी पावाचीच का, हे त्या काळचे खाण्यापिण्याचे निर्बंध पाहिले म्हणजे कळते. कोरडे धान्य कोणाकडूनही घेता येई. त्यात पाणी घालून ते शिजवले वा भाजले, की ते कोणाच्या हातचे, हा प्रश्न उभा राही. पावाच्या पिठात पाणी दुसऱ्या धर्माच्या माणसाने घातलेले, ते मळले त्याच्या हातांनी आणि भाजले त्याच्या भट्टीत. शिवाय ते फुगवायला ताडी. निषिद्ध ठरलेल्या साऱ्या गोष्टी त्या एका तुकड्यात एकवटल्या होत्या. तो गिळणाऱ्याला मागे फिरण्याची वाट उरत नसे.

सभा गुप्तपणे चाले. तिच्या शाखा पुण्यात आणि अहमदनगरातही निघाल्या. सभासद बहुतेक तरुण, शिकलेले, घरात वडीलधाऱ्यांच्या धाकात असलेले. बहिष्कार पडला तर आप्तेष्टांच्या पंगतीत स्थान नाही, मुलाबाळांची लग्ने जुळत नाहीत, घरी भटजीही येत नाही. सभासदांची संख्या पुरेशी वाढली म्हणजे उघडपणे जाहीर करू, असा त्यांचा बेत होता. तो दिवस आलाच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी असलेले दप्तर चोरीला गेले आणि नावे बाहेर फुटण्याच्या भीतीने सभा विस्कटली.

दादोबा तोवर सरकारी नोकरीत वर चढले होते. १८५२ मध्ये ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. १८५७ च्या धामधुमीत तिकडच्या भिल्लांचा उठाव मोडण्यात त्यांनी सरकारला मदत केली आणि त्यांना रावबहादुर हा किताब मिळाला. रूढींविरुद्ध मंडळी जमवणारे दादोबा आणि सरकारचे विश्वासू अधिकारी दादोबा, ही एकाच आयुष्याची दोन अंगे होती. सभा गुप्त ठेवल्याबद्दल त्यांच्यावर भित्रेपणाचा ठपका पुढच्या काळात अनेकांनी ठेवला. त्यात तथ्य आहे. पण ज्या काळात उघडपणे असे काही करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळातली ही गोष्ट आहे, हेही विसरता येत नाही.

सभा मोडली तरी तिचा विचार मोडला नाही. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला, तो उघडपणे. त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे बंधू. परमहंस सभेतील काही जुनी मंडळीही त्यात होती. मात्र या वेळी कोणालाही पाव खाण्याची अट नव्हती.

उत्तरायुष्यात दादोबांनी मोरोपंतांच्या केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली, तसेच स्वीडनबोर्ग या युरोपीय तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले, पण ते परमहंस सभेच्या स्थापनेपूर्वीच थांबते. गुपित पाळणाऱ्या सभेच्या प्रवर्तकाने तेथेही ते पाळले गेले.

मार्केट यार्डातून आलेल्या मैद्याचा पाव आज घरी भाजला, तर तो कोणाच्या हातचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. दादोबांच्या सभेतला तुकडा मात्र मुद्दाम परक्या भट्टीतून आणलेला असे. तो कोणाच्या हातचा आहे, हे माहीत असूनच खायचा असे.