उतरत्या फळीवरचा गोळा : गॅलिलिओ

दौंड जंक्शनवरून पुण्याकडे सुटणारी गाडी तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. तिने एकसारखा वेग धरला की अंतर व काळ यांचा आलेख सरळ रेषेत येतो. पण फलाट सोडतानाची पहिली मिनिटे घेतली तर रेषा वाकते. वाढत्या वेगाचा हिशेब ज्याने प्रयोगाने मांडला, तो गॅलिलिओ गॅलिली १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे जन्मला.

वडील व्हिन्सेन्झो संगीतकार होते. मुलाने वैद्य व्हावे ही त्यांची इच्छा. (पालकांच्या या इच्छेत चारशे वर्षांत फारसा फरक पडलेला नाही!) १५८१ मध्ये त्याला पिसा विद्यापीठात घातले, पण त्याचे मन गणितात रमले. १५८५ मध्ये पदवी न घेताच तो बाहेर पडला. पुढे १५८९ मध्ये तेथेच तो गणित शिकवू लागला आणि १५९२ पासून अठरा वर्षे पादुआ येथे त्याने अध्यापन केले.

सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा काळ मोजायला सवडच मिळत नाही. सेकंद अचूक दाखविणारी घड्याळेही त्या वेळी नव्हती. म्हणून गॅलिलिओने पडणेच सावकाश केले. सुमारे सात मीटर लांबीच्या लाकडी तुळईत त्याने खोबण कोरली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावले, एक टोक थोडे उचलले आणि ब्राँझचा गोळा सोडला. मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पडणारे पाणी तो पेल्यात धरी व नंतर तराजूत तोली. जितके पाणी, तितका काळ! हाच प्रयोग त्याने पुनःपुन्हा केला. काळ दुप्पट झाला की अंतर चौपट, तिप्पट झाला की नऊपट, असे त्याला आढळले. आपल्यासारखा आलेख कागद त्याच्याजवळ नव्हता. त्याने प्रमाणे आणि भूमितीच्या आकृती वापरल्या.

येथे एक कबुली देतो. शिरूरला नववीच्या वर्गात आम्ही फळीच्या खाचेतून गोटी सोडून हाच प्रयोग केला. एका विद्यार्थ्याची गोटी एका सेकंदात २५, दोन सेकंदांत १००, तर तीन सेकंदांत २२५ सेंटिमीटर गेली. त्याचा आलेख वाकडा आला. घाईत मी त्याच्या हाती पट्टी दिली व रेषा सरळ करावयास सांगितले. त्याने निमूटपणे खोडले. रात्री आकडे पाहिले तेव्हा लक्षात आले, की मुलगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तसे सांगितले आणि आडव्या अक्षावर काळाऐवजी काळाचा वर्ग मांडून दाखविला. तेव्हा कोठे तेच बिंदू सरळ रेषेत आले.

१६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहून गॅलिलिओ जगप्रसिद्ध झाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा त्याने पुरस्कार केला. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने ते मत त्याला सोडावयास लावले आणि जन्मभर नजरकैदेत ठेवले. वय सत्तरीच्या घरात. दुसऱ्याच वर्षी लाडकी मुलगी वारली. अशा स्थितीत फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथील घरी बसून त्याने तीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगांचे कागद पुन्हा काढले. तो गोळा, ती खोबण, ते तोललेले पाणी, सारे त्याने एका ग्रंथात लिहिले. ग्रंथ इटलीत छापणे शक्य नव्हते. तो १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. तोवर गॅलिलिओची दृष्टी पूर्ण गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी तो त्याच घरी वारला.