नभोवाणीचे दिवाण : डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर

बालाघाट हा वैनगंगेकाठचा जिल्हा. तेथे मँगनीजच्या खाणी, साल-सागवानाची राने आणि भाताची खाचरे. गोंदियाहून जबलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने एके काळी तेथे पोहोचावे लागे. वारासिवनी, कटंगी, लांजी ह्या भागांत आणि खुद्द शहरातही मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. ह्या जिल्ह्याचे स्वतःचे मध्यमलहरींचे रेडिओ केंद्र कधीच नव्हते. आकाशवाणीचे केंद्र तेथे पुष्कळ उशिरा आले, आणि आले ते एफ. एम. चे. तरीही तेथील जुनी मराठी घरे रेडिओवाचून नव्हती. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. तेव्हा बालाघाट हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचाच एक जिल्हा होता. हवेतून सरळ मोजले तर नागपूर अवघे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सूर्य मावळला म्हणजे मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि लांबची केंद्रेही ऐकू येऊ लागतात. त्यामुळे नागपूरचे मराठी कानावर पडता पडता सुई थोडी फिरली, तर भलतेच एखादे केंद्र मध्ये घुसे. वीज नसेल तेथे कोरड्या बॅटरीवरचा संच असे, आणि परवान्याचे शुल्क पोस्टात जाऊन भरावे लागे.

अशा एखाद्या घरात १९५२ च्या उत्तरार्धात एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली असेल. रेडिओवरची सिनेमाची गाणी आटली होती. घरातल्या तरुण मुलांनी ज्याच्या नावाने बोटे मोडली, तो माणूस मराठीच होता, पुण्यात जन्मलेला. ते होते माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचा जन्म १९०३ चा. असहकाराच्या काळात जे तरुण सरकारी शिक्षण सोडून राष्ट्रीय विद्यापीठांकडे वळले, त्यांच्यापैकी ते एक. काशी विद्यापीठाशी त्यांचा संबंध जडला आणि पुढचे सारे राजकीय आयुष्य संयुक्त प्रांतात गेले. काशीत त्यांनी ध्रुपदाची तालीम घेतली. ही बाब लहान दिसते, परंतु पुढील दहा वर्षांचा हिंदुस्थानचा रेडिओ समजून घ्यायचा तर येथूनच आरंभ करावा लागतो. ख्याल-ठुमरीपेक्षा ध्रुपदाची शिस्त निराळी. तीत स्वर जागेवर हवा, शब्द स्पष्ट हवा आणि नखरा नको. ही शिस्त केसकरांच्या अंगात भिनली होती, आणि ती संगीतापुरतीच राहिली नाही. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी सोर्बोनची डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचे काम, घटना परिषदेचे सदस्यत्व, मग परराष्ट्र खात्याचे उपमंत्रिपद अशी चढण झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातून लोकसभेवर आले आणि नेहरूंनी त्यांच्याकडे नभोवाणी सोपवली. १९६२ पर्यंत ती त्यांच्याकडेच होती. ह्या खात्यावर इतका दीर्घ काळ दुसरा कोणी टिकलेला नाही.

त्यांच्या हाती आलेली संस्था केवढी होती? १९४७ साली हिंदुस्थानच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. देशातील शंभरातील जेमतेम अकरा माणसांपर्यंत त्यांचा आवाज पोहोचे. ह्यांखेरीज संस्थानांची स्वतःची केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि आपल्या गायकवाडांचे बडोदे. विलीनीकरणानंतर तीही केंद्र सरकारकडे आली. आकाशवाणी हे नावसुद्धा म्हैसूरच्या केंद्राने १९३५ च्या सुमारास घेतलेले, आणि केसकरांच्याच कारकिर्दीत ते साऱ्या देशाचे झाले. मराठीत आपण नभोवाणी म्हणत होतो. शब्द वाईट नव्हता, परंतु म्हैसूरकरांचा जिंकला.

संस्थाने गेली तेव्हा नुसते तोफांचे मान गेले नाहीत. त्यांच्याबरोबर गवयांचे तनखे गेले. इंदूरकरांस हे सांगण्याची गरज नाही. नानासाहेब पानसे यांच्या पखवाजाचे घराणे ह्याच शहरात फुलले, बीनकारांची परंपरा होळकरांच्या आश्रयाने जगली, आणि उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ येथेच दरबारी नोकरीत होते. ग्वाल्हेर, बडोदे, कोल्हापूर येथेही तीच कथा. १९४८ नंतर ह्या माणसांनी कोठे जावे? मुंबईच्या शिकवण्या आणि गणपतीचे जलसे किती जणांस पुरणार? केसकरांनी ह्या प्रश्नाचे उत्तर उघडपणे मांडले. राजेरजवाडे गेले असतील तर त्यांची जागा सरकारने घ्यावी, आणि सरकारजवळ त्यासाठी सर्वांत मोठे साधन रेडिओ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्री म्हणून त्यांनी केलेले जवळजवळ प्रत्येक काम ह्या एका विचारातून निघाले, चांगलेही आणि वाईटही.

२० जुलै १९५२ रोजी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी रात्री दीड तास एकाच कलावंताचे गायन किंवा वादन देशातील सर्व केंद्रांवरून एकाच वेळी ऐकू येई. उत्तरेचा माणूस कर्नाटकी संगीत आणि दक्षिणेचा माणूस हिंदुस्थानी ख्याल घरबसल्या ऐकू लागला, तो ह्या शनिवारांमुळे. त्याच साली दिल्लीला पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन दरवर्षी भरू लागले. पूर्वी जो गवई महाराजांच्या शंभर माणसांपुढे गात असे, त्याचे गाणे आता बालाघाटच्या एखाद्या शिक्षकाच्या घरात पोहोचू लागले. दरबारात त्या शिक्षकाला कोणी उभे केले नसते.

पण दरबार म्हटला की दिवाणजी आलेच, आणि दिवाणजी परीक्षा घेणार. केसकरांनी सर्व कलावंतांची नव्याने चाचणी लावली. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे ह्या कामाची धुरा होती. रागाची नावे विचारायची, लक्षणे विचारायची, मग श्रेणी ठरवायची. ज्यांनी आयुष्यभर मैफली गाजवल्या त्या गवयांना विद्यार्थ्यांप्रमाणे बसवणे अनेकांना अपमानाचे वाटले. मुंबईच्या कलावंतांनी उघड विरोध केला. आमच्या मते त्यांचा राग रास्त होता. ज्याला राग गाता येतो त्याला त्याचे लक्षण सांगता आलेच पाहिजे, हा शाळामास्तरी न्याय आहे. तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पूर्वी कार्यक्रम मिळणे हे केंद्रावरील अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. श्रेणीची पद्धत आल्यावर लहान गावच्या, वशिला नसलेल्या वादकालाही मानधनाचा ठराविक दर मिळू लागला. ती पद्धत केसकरांच्या मागेही टिकली.

चित्रपटगीतांची हकिगत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. केसकरांनी ह्या गाण्यांचा वेळ कापला आणि चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होते म्हणून तेही बंद केले. निर्मात्यांनी चिडून प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. फायदा कोणाचा झाला? सिलोनचा. महायुद्धात उभारलेले तेथील जबरदस्त प्रक्षेपक हिंदुस्थानभर लघुलहरींवर ऐकू येई. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सयानी यांचा आवाज घरोघर गेला, आणि पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. ज्या श्रोत्यांना केसकर ध्रुपद ऐकवू पाहत होते, ते बुधवारी रात्री परदेशी केंद्राशी कान लावून बसू लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. केसकरांना ही माघार स्वतःच्याच मंत्रिपदाच्या काळात घ्यावी लागली.

मात्र ह्या हट्टातून मराठीला जे मिळाले ते नजरेआड करता येत नाही. सिनेगीत नको, तर त्याच्या जागी काय? ह्या प्रश्नातून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले, कवी आणि संगीतकार नेमले गेले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले, आणि तेथे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १९५५ च्या रामनवमीपासून गीतरामायण प्रसारित होऊ लागले. माडगूळकरांनी लिहावे आणि फडक्यांनी चाल बांधावी, अशी वर्षभर दर आठवड्याला नवे गीत, एकूण छप्पन्न गीते. पु. ल. देशपांडे यांनीही १९५५ सालीच पुणे केंद्रात प्रवेश केला. केसकरांनी गीतरामायण घडवले असे कोणी म्हणणार नाही. परंतु सिनेमाची गाणी पूर्ववत वाजत राहिली असती, तर सरकारी केंद्राने एका मालिकेसाठी वर्ष दिले असते काय, ह्याची शंका वाटते. १९५६ साली त्याच केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली गेली. खेडुताने केवळ ऐकायचे नाही तर चर्चा करून केंद्राला प्रश्न कळवायचे, हा प्रयोग पुढे देशभर गेला.

आपल्या इंदूरला २२ मे १९५५ रोजी मालवा हाऊसमध्ये केंद्र उघडले, तेही ह्याच मंत्र्याच्या काळात. तेव्हा आपण मध्यभारतात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इंदूर आणि बालाघाट एका राज्यात आले. राजधानी भोपाळ झाली, आणि तेथील केंद्र आदल्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला सुरू झाले होते. बालाघाटच्या मराठी माणसाचे कचेरीचे काम त्या दिवसापासून भोपाळशी जोडले गेले, पण संध्याकाळचे मराठी कार्यक्रम नागपूरहूनच येत राहिले. राज्यपुनर्रचनेच्या रेषा मध्यमलहरींना कळत नाहीत.

केसकरांचा एक दोष मात्र झाकू नये. उत्तर हिंदुस्थानी संगीताची घसरण मुसलमान राजवटीत आणि मुसलमान गवयांच्या हाती झाली, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी लिहूनही ठेवले आहे. देवासच्या रजब अली खाँ साहेबांची तान आणि अमीर खाँ साहेबांची विलंबित बढत ज्यांनी ऐकली, त्या माळव्यातील माणसाला हे पटणे शक्य नाही. ज्यांनी हे संगीत जिवंत ठेवले त्यांच्यावरच ठपका ठेवायचा आणि त्यांच्याच गाण्याने राष्ट्रीय कार्यक्रम सजवायचा, ही विसंगती त्यांना स्वतःला कशी खुपली नाही, हे समजत नाही. क्रिकेटविषयीही त्यांचे असेच ठाम मत होते. इंग्रजांबरोबर तो खेळही जाईल, असे ते समजत. कर्नल सी. के. नायडू यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ ह्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या शहरात ह्यावर अधिक काय लिहावे!

आणि पेटीचे काय? १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. ती केसकरांनी घातलेली नव्हे, पण त्यांनी ती निष्ठेने पाळली. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हा आक्षेप शास्त्राला धरून होता. परंतु ज्या मराठी घरांत नाट्यपद पेटीवरच उतरले, जेथे गोविंदराव टेंब्यांचे वादन ऐकण्यासाठी लोक रात्री जागवत, तेथे हा आक्षेप पोहोचलाच नाही. टेंबे १९५५ साली वारले, तेव्हाही बंदी कायम होती.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर पडले आणि मंत्रिपद गेले. नंतर त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद सांभाळले. १९६७ साली भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि त्यात मते पूर्वीचीच होती. १९७० नंतर आकाशवाणीने टप्प्याटप्प्याने पेटीची बंदी सैल केली. प्रथम मोठ्या कलावंतांच्या साथीला आणि मग इतरांना ती मिळाली. केसकर १९८४ साली वारले. गवयाच्या शेजारी पेटी वाजू लागलेला रेडिओ त्यांच्या हयातीतलाच होता.