डॉ. ल्यूसी विल्स

मुलांनो, मिसळीबरोबर तुम्ही पाव आवडीने खाता. पावाचे पीठ कशाने फुगते? यीस्टने, म्हणजेच खमिराने. यीस्ट हे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सजीव आहेत. त्यांच्यात प्रथिने आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे भरपूर असतात. याच यीस्टच्या साहाय्याने मुंबईतील गरीब मातांना जीवदान देणाऱ्या डॉ. ल्यूसी विल्स यांची ओळख आज करून घेऊ या.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या संशोधनासाठी भारतात आल्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. त्या काळी अनेक गरोदर स्त्रिया एका कठीण पंडुरोगाने दगावत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत, पण संख्येने फार कमी होत. गरीब मुस्लिम स्त्रियांत हा रोग विशेष आढळे. ल्यूसीबाईंनी तळपदे यांच्यासह निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. रोगाचे मूळ निकृष्ट आहारात असावे, असे त्यांना वाटू लागले.

यकृताच्या अर्काने रोगी बरे होत. परंतु तो अर्क महाग होता. गरिबांना तो कसा परवडणार? ल्यूसीबाईंनी उंदरांवर प्रयोग केले. आहारात यीस्ट घातल्यास त्यांना पंडुरोग होत नसे. मग त्यांनी रुग्ण स्त्रियांना मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळसर, खारट अर्क. तो स्वस्त होता. थोड्याच दिवसांत स्त्रियांच्या रक्तात सुधारणा दिसू लागली. १९३१ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

यीस्टमधील त्या गुणकारी द्रव्याला 'विल्स घटक' असे नाव मिळाले. १९४१ साली शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे केले. विल्स घटक तो हाच, हे पुढे कळले. १९६४ साली ल्यूसीबाईंचे निधन झाले.

आज सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत मिळतात. मुलांनो, औषध नुसते गुणकारी असून भागत नाही. ते गरिबाच्या हाती पडले पाहिजे. ल्यूसीबाईंनी हे ओळखले होते. तुम्ही शिकून मोठे व्हाल, तेव्हा ही गोष्ट विसरू नका.