हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (इ.स. १९०५ – २० नोव्हेंबर, इ.स. १९८९) या हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याच्या गायिका आणि मराठी संगीत रंगभूमीवरील गायिका-अभिनेत्री होत्या. ख्यालगायनाची कसून तालीम घेतलेल्या हिराबाईंनी मैफल, नाटक, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट या मार्गांनी आपले गाणे सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेले. स्त्रीच्या गाण्याची तिकीट लावून होणारी जाहीर मैफल समाजात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

जन्म व कुटुंब

हिराबाईंचा जन्म मिरज येथे झाला. किराणा घराण्याचे विख्यात गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील. आई ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातील होत्या. अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारात गायक असताना ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. पुढे दोघांनी विवाह केला व बडोदे सोडले. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. कालांतराने ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि त्यांनी मुलांची नावे बदलली. चंपाकली या मूळ नावाची मुलगी हिराबाई बडोदेकर या नावाने प्रसिद्धीस आली. सुरेशबाबू माने, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांची भावंडेही संगीतक्षेत्रात वावरली.

संगीतशिक्षण

हिराबाईंना आरंभीची तालीम थोरले बंधू सुरेशबाबू यांच्याकडून मिळाली. त्यानंतर किराणा घराण्यातीलच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. विलंबित लयीत एकेका स्वराचा आधार घेत रागाची सावकाश बढत करणे हे या गायकीचे वैशिष्ट्य. हिराबाईंचा आवाज उंच पट्टीतला, नितळ व सुरेल होता. आक्रमक तानबाजीपेक्षा स्वराच्या माधुर्यावर त्यांचा भर असे.

जाहीर मैफली

विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांचे गाणे मुख्यत्वे खासगी बैठकींत होई आणि गाणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची मध्यमवर्गाची दृष्टी संशयाची होती. अशा काळात हिराबाईंनी सभागृहात, तिकीट काढून आलेल्या स्त्री-पुरुष श्रोत्यांसमोर गाण्यास सुरुवात केली. साधी वेशभूषा, हावभाव टाळून स्थिर बसणे आणि आटोपशीर मांडणी यांमुळे प्रतिष्ठित कुटुंबे त्यांच्या मैफलींना येऊ लागली. घरंदाज मुलींनी गाणे शिकावे की नाही, या वादात त्यांचे उदाहरण अनेकांना निर्णायक वाटले.

ख्यालाबरोबरच त्या ठुमरी, नाट्यगीत, भावगीत आणि भजनही गात. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय झाल्या. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटांचेच गाणे मावत असे. तेवढ्या अवधीत रागाचे स्वरूप उभे करण्याचे कौशल्य त्यांनी साधले होते.

रंगभूमी व चित्रपट

१९२० च्या दशकाच्या अखेरीस बडोदेकर भावंडांनी नूतन संगीत नाटक मंडळी चालवण्यास घेतली. मराठी संगीत नाटकांत तोवर स्त्रीभूमिका बहुधा पुरुष नट करीत. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व यांनी ही परंपरा शिखरावर नेली होती. नूतन मंडळीत मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत असत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र' या नाटकात हिराबाईंनी सुभद्रेची भूमिका केली. सुभद्रेची पदे स्त्रीच्या मूळ आवाजात रंगमंचावरून ऐकणे हा प्रेक्षकांना नवा अनुभव होता.

मात्र नाटक मंडळीचा व्यवसाय तोट्यात गेला. पगार, प्रवास व नेपथ्य यांचा खर्च मोठा होता आणि १९३२ पासून मराठी बोलपटांचे आगमन झाल्याने संगीत नाटकांचा प्रेक्षक घटू लागला. मंडळी बंद पडली तेव्हा डोक्यावर कर्ज होते. हिराबाईंनी मैफली करून ते फेडले. ज्या गाण्याला रंगभूमीवर अपेक्षित यश लाभले नाही, त्याच गाण्याने कुटुंबाला सावरले.

बोलपटांतही त्यांनी काम केले. बाबूराव पेंटर दिग्दर्शित 'प्रतिभा' (१९३७) हा त्यांपैकी एक होय. तथापि चित्रपटसृष्टीत त्या फार काळ रमल्या नाहीत. त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र मैफल हेच राहिले.

उत्तरायुष्य

१९३७ साली अब्दुल करीम खाँ यांचे आणि १९५३ साली सुरेशबाबूंचे निधन झाले. सुरेशबाबूंकडे शिकणाऱ्या प्रभा अत्रे यांना हिराबाईंनीही मार्गदर्शन केले. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासमवेत त्यांनी केलेले जुगलबंदीचे कार्यक्रम विशेष गाजले. दोन स्त्री गायिकांनी एकत्र ख्याल मांडण्याची प्रथा त्यामुळे रूढ होण्यास मदत झाली.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६५ साली मिळाला, तर भारत सरकारने १९७० साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २० नोव्हेंबर, १९८९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.