विश्लेषण : लेझर क्लिनिकमधील ‘प्रकाश उपचारां’चे मूळ कुठे? कोण होते नील्स फिन्सेन?

चेहऱ्यावरची लव काढायची असो, मुरुमांचे डाग असोत की नको असलेला टॅटू, हल्ली लेझर हा शब्द सहज तोंडी येतो. क्लिनिकमध्ये गेल्यावर काही गोष्टी ठरलेल्या असतात. डोळ्यांवर गॉगल चढवतात, त्वचेला थंडगार जेल लावतात, उन्हात किती फिरता ते विचारतात आणि आधी एका छोट्या भागावर चाचणी घेतात. या पद्धतीचा पाया सुमारे १३० वर्षांपूर्वी कोपनहेगनमध्ये एका आजारी डॉक्टरने घातला. वयाच्या ४३ व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा त्याला नोबेल मिळून एक वर्षही झाले नव्हते.

नील्स फिन्सेन कोण होते?

नील्स रायबर्ग फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फॅरो बेटांवरील टोर्सहावन या गावी झाला. उत्तर अटलांटिक महासागरातील ही बेटे डेन्मार्कच्या अखत्यारीत येतात. तिथे हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. घराणे मूळचे आइसलँडचे, वडील तिथले मोठे सरकारी अधिकारी. नील्स चार वर्षांचे असताना आई गेली.

शाळेत ते हुशार वगैरे मुळीच नव्हते. डेन्मार्कमधील निवासी शाळेत त्यांची प्रगती इतकी यथातथा होती, की मुख्याध्यापकांनी त्यांना बुद्धीने बेताचे ठरवले. मग वडिलांनी त्यांना आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, स्वतःच्या जुन्या शाळेत धाडले. तिथेही ते वर्गात मागेच राहिले आणि २१ व्या वर्षी शाळेतून बाहेर पडले. त्यानंतर १८८२ मध्ये कोपनहेगनला वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले. पुढची तीन वर्षे त्यांनी तिथल्याच विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवण्याचे काम केले.

प्रकाशाकडे ते कसे वळले?

उत्तर त्यांच्या आजारपणात आहे. विद्यार्थिदशेतच त्यांना हृदय आणि यकृताभोवतीची आवरणे हळूहळू जाड होत जाण्याचा विकार जडला. पोटात पाणी साचायचे, अशक्तपणा यायचा, थोड्या श्रमानेही थकवा यायचा. पुढे हे पाणी सुईने वारंवार काढावे लागले.

त्या काळात ते उत्तरेकडे तोंड असलेल्या, ऊन न येणाऱ्या घरात राहत होते. उन्हात बसले की बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. एकदा खिडकीतून त्यांना छपरावर ऊन खात बसलेली मांजर दिसली. सावली सरकत आली की ती उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. उन्हात असे काय आहे, हा प्रश्न त्यांनी तिथून सोडला नाही. मात्र नुसत्या अनुभवावर न थांबता त्यांनी प्रयोग सुरू केले.

शाईच्या पट्ट्याचा प्रयोग काय होता?

फिन्सेन यांनी स्वतःच्या हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. शाई पुसल्यावर पट्ट्याखालची त्वचा होती तशीच होती. बाजूची त्वचा मात्र लाल झाली आणि काही दिवसांनी सावळी पडली. मग तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटे घडले. आधी झाकलेला पांढरा पट्टा भाजला, पण सावळ्या झालेल्या त्वचेला फारसे काही झाले नाही.

त्वचेतील काळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, प्रकाश शोषून घेते आणि खालच्या भागाचे रक्षण करते, हे यातून दिसले. आजच्या लेझर उपचारातली सर्वात मोठी अडचणही हीच आहे. त्याकडे पुढे येऊ.

लाल खोलीचा उपाय काय होता?

१८९३ मध्ये फिन्सेन यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ प्रकाशाच्या अभ्यासाला वाहून घेतले. आदल्याच वर्षाच्या अखेरीस इंगेबोर्ग बाल्सलेव यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते. तब्येत खालावत असताना घेतलेला हा निर्णय सोपा नव्हता.

सुरुवात देवीच्या रोगापासून झाली. प्रकाशातील निळे, जांभळे आणि अतिनील किरण त्वचेला इजा करतात, मग ते अडवले तर देवीचे व्रण कमी राहतील, असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी रुग्णाला लाल पडदे किंवा लाल काचा लावलेल्या खोलीत ठेवायचे. नॉर्वेतील डॉक्टरांनी हा उपाय करून पाहिला आणि फिन्सेन यांचे नाव झाले. पुढच्या काळात मात्र लाल खोलीचा उपाय टिकला नाही. टिकला तो त्यामागचा विचार : सगळा प्रकाश सारखा नसतो, रंगानुसार त्याचा परिणाम बदलतो.

ल्युपसच्या रुग्णांना काय मिळाले?

जे किरण इजा करतात, तेच नेमक्या जागी सोडले तर रोगजंतू मरतील का? हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी ल्युपस व्हल्गॅरिस हा आजार निवडला. हा त्वचेचा क्षयरोग. आज ल्युपस म्हणून ज्या आजाराबद्दल ऐकतो, तो वेगळा.

हा क्षय बहुधा चेहऱ्यावर होई. नाक, गाल, ओठ वर्षानुवर्षे कुरतडले जात. प्रतिजैविके अजून यायची होती. डाग देणे, खरवडणे, कापणे एवढेच उपाय, आणि त्याने चेहरा आणखी विद्रूप होई. अशा माणसांना काम मिळत नसे, लोकांत जाणे नकोसे होई. म्हणजे हा आजार जिवाइतकाच माणसाच्या समाजातील जागेवर घाला घालत होता.

नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज केंद्रात फिन्सेन यांनी पहिल्या रुग्णावर उपचार सुरू केले. तो एक इंजिनीअर होता आणि आठ वर्षे या आजाराशी झगडत होता. डेन्मार्कच्या हिवाळ्यात ऊन कुठून आणणार? म्हणून कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून प्रखर उजेड देणारा आर्क दिवा वापरला. काही महिन्यांत रुग्णाचे व्रण भरू लागले.

दिव्याचे तंत्र नेमके काय होते?

इथे फिन्सेन यांची खरी करामत दिसते. त्यांच्यासमोर तीन अडचणी होत्या.

पहिली उष्णतेची. आर्क दिव्याने त्वचा भाजली असती. म्हणून प्रकाश पाण्यातून गाळून नेला आणि त्वचेवर ठेवायच्या भिंगातूनही थंड पाणी खेळवले.

दुसरी प्रखरतेची. त्यासाठी दुर्बिणीसारख्या नळ्यांमधून प्रकाश एका छोट्या ठिपक्यावर एकवटला. पुढे साध्या काचेऐवजी स्फटिकाची भिंगे आली, कारण काच अतिनील किरण अडवते.

तिसरी रक्ताची. कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवून पलीकडून प्रकाश टाकला, तर कागद काही मिनिटांनंतरही काळा होत नसे. पाळी दाबून रक्त बाजूला सारले, की तोच कागद काही सेकंदांत काळा पडे. रक्त निळे-जांभळे किरण गिळते, हा त्याचा अर्थ. म्हणून उपचाराच्या वेळी परिचारिका स्फटिकाचे भिंग त्वचेवर दाबून धरत.

एका दिव्याला चार नळ्या, प्रत्येक नळीखाली एक रुग्ण आणि शेजारी एक परिचारिका. रोज तासभर उपचार, तोही नाण्याएवढ्या भागावर. पूर्ण चेहरा बरा व्हायला महिने, कधी वर्षे लागत.

१८९६ मध्ये कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाश संस्था सुरू झाली. पहिल्या पाच-सहा वर्षांत तिथे सुमारे ८०० ल्युपस रुग्णांवर उपचार झाले आणि बहुसंख्य रुग्णांना गुण आला. ब्रिटनची राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिने लंडन हॉस्पिटलला फिन्सेन दिवा दिला.

नोबेल मिळाले तेव्हा काय स्थिती होती?

१९०३ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल फिन्सेन यांना जाहीर झाला. तोवर ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते आणि स्टॉकहोमला जाणे शक्य नव्हते. बक्षिसाच्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी रुग्णसेवेसाठी दिला.

शेवटच्या काळात ते स्वतःचे खाणे-पिणे मोजून नोंदवत होते. शरीरात मीठ आणि पाणी कसे साचते, याचा अभ्यास त्यांनी स्वतःवरच केला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार शवविच्छेदन झाले.

त्यांचा तर्क बरोबर होता का?

अर्धा. आपल्या दिव्यातील अतिनील व जांभळे किरण जंतूंना थेट मारतात, असे त्यांना वाटे. एकविसाव्या शतकात डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी उपकरणे तपासली. त्यातील गाळणीतून कमी लांबीचे अतिनील किरण पलीकडे जातच नव्हते, असे आढळले. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. ती जांभळा-निळा प्रकाश शोषतात आणि त्यातून तयार होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन जंतूला मारतो. फिन्सेन यांचा दिवा बहुधा असे काम करत होता.

आज मुरुमांसाठी वापरला जाणारा निळा प्रकाश याच तत्त्वावर चालतो. मुरुमांच्या जंतूंतही पॉर्फिरिन असते.

दिव्यापासून लेझरपर्यंत प्रवास कसा झाला?

१९४० च्या दशकात क्षयावर औषधे आली आणि फिन्सेन दिवा मागे पडला. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी पहिला लेझर बनवला. त्याच दशकात सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो त्वचेवर आणि टॅटूंवर वापरून पाहिला.

मोठा टप्पा १९८३ चा. बोस्टनमधील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी नियम मांडला : जे नष्ट करायचे, तेच शोषेल असा रंग निवडा आणि प्रकाशाचा झोत इतका क्षणिक ठेवा की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत काम संपेल. त्यामुळे जन्मतः असलेल्या लाल डागांसाठी रक्त शोषेल असा ५९५ नॅनोमीटरचा लेझर वापरतात. फिन्सेन यांना अडथळा ठरलेले रक्त इथे लक्ष्य झाले. केसांसाठी लक्ष्य असते केसांच्या मुळातील मेलॅनिन. टॅटू किंवा जुने गोंदण काढताना शाईचे कण फोडतात आणि शरीर ते हळूहळू बाहेर टाकते. थंड जेल किंवा गार टोकाचे यंत्र म्हणजे फिन्सेन यांचे खेळते पाणीच.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

आता शाईच्या पट्ट्याकडे परत येऊ. आपल्याकडची त्वचा बहुधा गव्हाळ ते सावळी. त्यात मेलॅनिन जास्त. ते सूर्यापासून वाचवते, पण लेझरचा प्रकाशही केसाच्या मुळाआधी तेच शोषते. गोऱ्या त्वचेसाठीचे सेटिंग तसेच वापरले तर त्वचा भाजते, काळे किंवा पांढरे डाग पडतात. म्हणून सावळ्या त्वचेवरील केसांसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित मानतात. तो मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो आणि खोल पोहोचतो. आयपीएल या झगमगत्या दिव्यात अनेक रंग एकत्र असतात, त्यामुळे तिथे जास्त जपावे लागते.

सुट्टीत उन्हाने रापून आल्यावर लगेच लेझर टाळावा, तोही याच कारणाने. वांगाच्या बाबतीत तर लेझर हा पहिला उपाय नाही. आधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली मलमे, कारण लेझरने वांग आणखी गडद होऊ शकतो. केसांचे लेझर म्हणजे कायमची सुटका नव्हे. वाढ बरीच कमी होते, पण अनेक बैठका लागतात.

त्यामुळे बुकिंग करण्याआधी इतके विचारा : उपचार त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहेत का, कोणता लेझर आहे, तो माझ्या रंगाच्या त्वचेसाठी योग्य का आहे, आणि आधी चाचणी घेणार का? उत्तर टाळले जात असेल, तर स्वस्त पॅकेज असले तरी घरी परतलेले बरे. फिन्सेन यांनी रुग्णाच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी स्वतःच्या हातावर प्रयोग केले होते.